रिपोर्टमध्ये झीज, दुखणं मात्र अंगभर: ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

हे प्रकरण ताईंना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव तर देणारच नाही, ताईच म्हणूया. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दुखण्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, त्यामुळे सुरुवातीचा भाग त्यांच्या फाइलवरून आणि त्यांनी सांगितलं तसा आहे.

पार्श्वभूमी

वय ४७, सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मालक एमआयडीसीत शिफ्टला, घरात सासूबाई, मुलगा कॉलेजला. ताई घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी रात्री एक-दीडपर्यंत मशीन चालू. घराचा अर्धा खर्च या शिलाईवर चालतो ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, आणि गंमत म्हणजे फाइलमध्ये ती एकाही कागदावर नाही. सगळीकडे "हाउसवाइफ" लिहिलंय.

कटिंग जमिनीवर बसून, पुढे वाकून. मशीन जुनं पायाचं होतं, त्याला नंतर मोटर बसवली, पण स्टूल तेच राहिलं, पाठ टेकायला काही नाही.

एका लग्नसराईत पाण्याची कळशी उचलताना कमरेत उसण भरली. आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला, पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचा. शेजारच्या गल्लीत एक आजोबा पायाळू आहेत, त्यांच्याकडे झालं. चार दिवसांत बरंही वाटलं (साधी उसण बहुतेक वेळा आपोआप बरी होतेच, आजोबांना श्रेय द्यायला माझी हरकत नाही). मग पुन्हा सुरू झालं, या वेळी उजव्या ढुंगणातून मांडीपर्यंत कळ आणि पायात मुंग्या.

एमआरआय आणि त्यानंतर

तिसऱ्याच आठवड्यात मिरजेला जाऊन एमआरआय झाला. मिरज म्हणजे आमच्याकडे दवाखान्यांचं गाव, इकडून तिकडून कर्नाटकातूनही लोक येतात, आणि तिथं गेल्यावर मशीनमधून बाहेर पडल्याशिवाय तपासणी झाली असं कुणाला वाटतच नाही.

रिपोर्टमध्ये होतं ते असं: एल-फोर एल-फाइव्हला (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) डिफ्यूज डिस्क बल्ज, म्हणजे मधली चकती फुगलेली, थीकल सॅकला (नसांभोवतीच्या पिशवीला) थोडा दाब, दोन्ही बाजूंची नसेची वाट किंचित अरुंद, त्याच्या खालच्या एल-फाइव्ह एस-वनच्या चकतीतलं पाणी कमी झालेलं, कडेला ऑस्टिओफाइट्स, म्हणजे हाडाची वाढ. खाली इम्प्रेशनमध्ये "डीजनरेटिव्ह चेंजेस", म्हणजे झीज. यातलं त्यांना सांगितलं गेलं ते एवढंच, की मणक्यात गॅप आहे, नस दबलीय, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, जपायचं.

रिपोर्ट खोटा नव्हता, पण त्या कागदाचं वजन किती हे कुणीच सांगितलं नाही. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला, त्यात ३३ अभ्यासांमधले ३,११० लोक होते आणि त्यांच्यापैकी एकालाही कंबरदुखी नव्हती. तरी त्यांच्या स्कॅनमध्ये चाळिशीत ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि ५० टक्के लोकांना बल्ज, पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६० टक्के. म्हणजे ताईंच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या दहा बायका त्या मशीनमध्ये घातल्या तरी निम्म्याहून जास्त जणी असाच कागद घेऊन बाहेर येतील. याचा अर्थ झिजेनं दुखतच नाही असाही नाही. दुखू शकतं. फक्त कागद बघून ते ठरत नाही, माणूस तपासून ठरतं.

अडचण कुठे वाढत गेली

पुढच्या वर्षभरात दोन गोष्टी एकदम झाल्या. पायाची कळ आणि मुंग्या हळूहळू कमी झाल्या, म्हणजे नसेचं जे काही होतं ते बहुधा निवळलं. पण बाकीचं दुखणं वाढत गेलं. आधी कंबर, मग दोन्ही खांद्यांच्या मधे, मग मान, मग दंड आणि पोटऱ्या. सकाळी उठल्यावर अंग ठेचून काढल्यासारखं. झोप रात्री दोन-तीनदा मोडायची. कुणी सहज पाठीवर हात ठेवला तरी कळ यायची.

आणि याचं काही कारण कुठे सापडेना. कमरेतल्या एका चकतीनं दंड का दुखेल? मानेचा एक्स-रे काढला, तिथंही "झीज". रक्त तपासलं, सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी नॉर्मल, सांधेवातासाठी बघतात ते आरए फॅक्टर आणि एचएलए-बी२७ निगेटिव्ह, थायरॉइड ठीक. व्हिटॅमिन डी आणि बी१२ मात्र बरेच खाली होते. ते भरून काढल्यावर थकवा जरा कमी झाला, दुखणं होतं तिथंच.

घरात काय चाललं होतं तेही सांगायला पाहिजे कारण त्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, "शिवायला बसली की दुखत नाही, भांडी घासायला काढली की दुखतंय." मालक वाईट नाहीत, उलट जास्तच काळजीचे. त्यांनी गादी काढून फळी आणली, बायकोला फळीवर झोपवलं आणि घरातलं एकही काम करू नको म्हणाले. कमरेचे पट्टे चार झाले. लग्नात पंगतीला "ताईंना खुर्ची द्या" असं कुणी मोठ्यानं म्हणालं की त्यांना रडू यायचं. मग कार्यक्रमांना जाणंच बंद केलं.

गोळ्या? मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय, असिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली ती नेहमीची गोळी, सीझनमध्ये रोज दोन. सोबत ॲसिडिटीची एक. बीपी वाढलेलं होतं आणि किडनीची तपासणी कुणी केलेली नव्हती.

माझ्याकडे आल्या तेव्हाचं त्यांचं वाक्य फाइलवर लिहून ठेवलंय. "डॉक्टर, दुखतंय तर दुखतंय, पण कशानं दुखतंय ते तरी सांगा की."

समोर कोणते मार्ग होते

ऑपरेशन. एका सर्जननी सांगितलेलं की आता केलं नाही तर पुढे पाय जाईल. खर्चाचा आकडा ऐकून मालक सोसायटीचं कर्ज काढायला निघाले होते. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं ठरलं, त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी पलंगावर झोपवून पाय सरळ उचलून बघितला, अंगठ्याची ताकद, गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका (हातोडीनं ठोकून बघतात तो रिफ्लेक्स), चवड्यावर-टाचेवर चालणं, सगळं नीट. त्यांचं म्हणणं साधं होतं, की ऑपरेशनचा चांगला फायदा होतो तो पायात उतरणाऱ्या दुखण्याला, आणि तेही स्कॅनमधली दबलेली नस आणि पायातली लक्षणं एकमेकांशी जुळली तर. इथं पाय सुधारलाय आणि दुखणं अंगभर आहे, मी कापणार काय?

हा पहिला मोठा निर्णय होता आणि तो बरोबर निघाला असं मला आजही वाटतं. पण घरच्यांना "ऑपरेशन नको" हे ऐकून हायसं वाटण्याऐवजी उलट भीती वाटली, की मग आता इलाजच नाही का.

मणक्यातलं इंजेक्शन. पायाची कळ जोरात असताना त्याचा विचार करता आला असता, ती वेळ गेली होती. सोडून दिलं.

प्रीगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यासाठी देतात ती गोळी. हे एका ठिकाणी सुरू झालेलं होतं. दुखणं थोडं बोथट झालं, पण दिवसभर झापड, वजन वाढलं, आणि एका दुपारी पिको करताना मशीनची सुई सरळ नखातून आत गेली. ज्या बाईचं पोट बोटांवर आहे तिला गुंगी आणणारी गोळी देताना ती काय काम करते हे विचारायला नको? ही गोळी नंतर फिजिशियननी टप्प्याटप्प्यानं बंद केली. एकदम बंद करायची नसते, हेही तेव्हाच घरात पहिल्यांदा कळलं.

आयुर्वेदाची कटिबस्ती त्या दोनदा करून आल्या होत्या. कोमट तेल कमरेवर असताना बरं वाटायचं, शांत झोप लागायची, आठवड्यानं परत तेच. मी त्याला नको म्हणालो नाही, फक्त त्यावर महिन्याची सगळी शिलाई घालू नका एवढं सांगितलं.

आणि माझ्या धंद्यातलं. आधीच्या सेंटरमध्ये त्यांना महिनोन्महिने शेक, करंट आणि वजन लावणं चालू होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन (म्हणजेच ते वजन लावणं) या गोष्टी नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असं म्हटलंय. आमच्याकडे अजून पेशंट दारातूनच विचारतो "वजन लावता का?" आणि नाही म्हटलं की पुढच्या सेंटरला जातो. लोकांना मशीनला लावलं की उपचार झाल्यासारखं वाटतं, आणि सेंटरलाही ते सोयीचं असतं, उगाच कशाला नाकारा.

दुखण्याला नाव मिळालं तो दिवस

सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. त्यांनी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं, झोप, थकवा, विसरायला होणं, पोट, सगळं विचारलं, आणि सांगितलं की हे फायब्रोमायाल्जियाकडे, म्हणजे अंगभर दुखणं, थकवा आणि मोडकी झोप एकत्र असलेल्या आजाराकडे झुकणारं दुखणं आहे. तीन महिन्यांच्या वर टिकणारं दुखणं म्हणजे क्रॉनिक, आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत असं दुखणं स्वतःच एक आजार म्हणून नोंदवलेलं आहे, दुसऱ्या कशाचं लक्षण म्हणून नव्हे. शरीरात इजा दिसत नाही, नस खराब झालेली दिसत नाही, पण दुखण्याची जाणीव करून देणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते. २०१७ मध्ये या प्रकाराला नोसिप्लास्टिक असं नाव मिळालं.

मी ताईंना हे समजावताना एवढंच म्हणालो की दाराची बेल बिघडलीय, वारा आला तरी वाजते, पण वाजते ती खरीच वाजते. त्यावर सासूबाई, ज्या त्या दिवशी सोबत आलेल्या, म्हणाल्या, "म्हंजे सोंग न्हाई तर." नाही आजी, सोंग नाही. त्यानंतर भांड्यांवरून बोलणं बंद झालं असं ताई सांगतात.

एक गोष्ट मात्र इथं ठासून सांगतो. नाव मिळालं म्हणून कारण मिळालं असं नाही. हे असं का सुरू झालं, पहिल्या उसणीचा यात वाटा किती, झोपेचा किती, झिजेचा किती, याचं उत्तर त्या डॉक्टरांकडेही नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. आतापर्यंत दोन प्रश्न एकत्र कालवले जात होते, यात धोक्याचं काही आहे का, आणि हे कशानं दुखतंय. पहिल्याचं उत्तर तपासण्यांनी मिळालं होतं, नाही. दुसऱ्याच्या उत्तरासाठी उपचार अडवून ठेवायचे का, हा खरा निर्णय होता, आणि तो शेवटी ताईंनीच घेतला. "बघू, करून बघू, कारण सापडंल तवा सापडंल."

काय केलं

औषध. रात्री ॲमिट्रिप्टिलीन, अगदी कमी डोस, १० मिलिग्रॅम. चिठ्ठी घेऊन मालक मेडिकलमध्ये गेले तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी आहे. गोळी दोन आठवडे कपाटात पडून राहिली. मग डॉक्टरांनी मालकांना समोर बसवून सांगितलं की डोस वेगळा, कारण वेगळं, झोप आणि दुखण्यासाठी आहे. खरं तर या औषधांवर तज्ज्ञांचंही एकमत नाही, ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या सूचना अशा दुखण्यात ॲमिट्रिप्टिलीनसारख्या औषधांचा विचार करा म्हणतात, तर वर सांगितलेल्या २०२३ च्या सूचना कंबरदुखीसाठी ती नेहमी देऊ नका म्हणतात. ताईंना झोपेसाठी उपयोग झाला. तोंड कोरडं पडतं, तेवढं चालवून घेतलंय. मेडिकलमधली रोजची पेनकिलर बंद, किडनी तपासली, सुदैवानं ठीक.

चालणं. पहिल्या आठवड्यात घर ते मारुतीचं देऊळ, बस्स. बरं वाटलं म्हणून वाढवायचं नाही आणि दुखलं म्हणून बंद करायचं नाही, हा नियम त्यांना सगळ्यात अवघड गेला. बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात ओढायचं आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, हे चक्र दुखणं सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात दिसतं.

शिवणकाम. इथं मी सांगितलं होतं मोबाइलवर अर्ध्या तासाचा अलार्म लावा. तो वाजायचा, त्या बंद करायच्या आणि शिवत राहायच्या, कारण बाही अर्धी जोडून कोण उठतं? मग त्यांनीच युक्ती काढली, बॉबिन अर्धीच भरायची. खालचा दोरा संपला की तसंही थांबावं लागतं, ती भरायला उठायचं, भरायचं मशीन स्वयंपाकघरात ठेवलं, जाता-येता कंबर मोकळी होते. माझ्या सगळ्या चार्टपेक्षा हे जास्त चाललं, आता मी दुसऱ्या शिवणाऱ्या बायकांनाही सांगतो. कटिंग जमिनीवरून उठवून दोन उंच स्टुलांवर जुनी फळी टाकून उभ्यानं सुरू झालं. (हो, तीच झोपायची फळी. गादी परत आली.) हुक, काज, हातशिलाईचं काम शेजारच्या एका मुलीला दिलं, ब्लाउजमागं थोडे पैसे तिला जातात.

व्यायाम सोपेच होते. पण वाकणं मुद्दाम परत शिकवलं, आधी खुर्चीवर बसून, मग उभ्यानं, मग रिकामी कळशी उचलून, मग थोडं पाणी घालून. दीड वर्ष "वाकायचं नाही" ऐकलेल्या बाईला पहिल्यांदा वाकताना घाम फुटला होता, दुखलं नव्हतं तरी.

दुखणं उसळलं तर काय करायचं याचा कागद भिंतीवर लावला. त्या दिवशी काम निम्मं, बंद नाही, गरम पाण्याची पिशवी, चालणं कमी अंतराचं, तीन-चार दिवसांत ओसरलं नाही तर फोन. आणि दुसऱ्या बाजूला लाल पेननं, लगेच दवाखाना गाठायचा तो कधी: लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरायला लागलं. एकदा रात्री मांडी बधिर वाटली म्हणून त्या घाबरल्या, पण कागद वाचून बसायच्या जागेला हात लावून बघितला, लघवी नीट होत होती, सकाळपर्यंत थांबल्या. सकाळी तपासलं, पायाची ताकद-झटके सगळं पूर्वीसारखंच.

आज कुठे आहे

दुखणं गेलेलं नाही. दहापैकी आठ सांगायच्या तिथं आता चार-पाच सांगतात, वाईट दिवशी सात. झोप बरी आहे. पट्टे चारही माळ्यावर. ब्लाउज पूर्वीपेक्षा कमी घेतात पण अर्जंटचे पैसे जास्त लावायला लागल्यात, त्यामुळे उत्पन्न फार घसरलं नाही. हळदीकुंकवाला जातात, खुर्ची स्वतःच ओढून घेतात.

गेल्या दिवाळीला मात्र सगळं कोलमडलं. ऑर्डरी नाकारता आल्या नाहीत, बॉबिन पूर्ण भरायला सुरुवात झाली, चालणं बंद, आणि भाऊबीजेपासून जवळजवळ तीन आठवडे अंथरुणाला. तेव्हा मालकांनी पुन्हा एमआरआय काढूया म्हणून धरलं. काढला नाही. लाल पेनच्या यादीतलं काही नव्हतं, आणि काढला असता तर झीज दोन वर्षांनी वाढलेलीच दिसली असती आणि घरात तेच पहिल्यापासून सुरू झालं असतं. फक्त नाही म्हणून सोडलं नाही, मालकांसमोर पूर्ण तपासणी केली, प्रत्येक गोष्ट दाखवून.

काय वेगळं करता आलं असतं

पायात ताकद होती, धोक्याचं लक्षण नव्हतं, तर तिसऱ्या आठवड्यात एमआरआयची घाई नव्हती. सहा आठवडे थांबून, चालतं-फिरतं ठेवून बघता आलं असतं. काढलाच तर रिपोर्ट देताना "तुमच्या वयात हे बहुतेकांना दिसतं" हे एक वाक्य सोबत द्यायला हवं होतं, त्याला पैसे पडत नाहीत.

झोपेबद्दल पहिल्यांदा विचारलं गेलं ते जवळपास दीड वर्षानंतर. सासूबाई आणि मालक यांना पहिल्या-दुसऱ्या भेटीतच बोलवायला हवं होतं, कारण एक जण विश्वास ठेवत नव्हतं आणि दुसरं माणूस हलू देत नव्हतं, आणि दोन्हींचा परिणाम एकच होत होता. महिन्याला किती ब्लाउज शिवावे लागतात, हेही कुणीतरी विचारायचं. "आराम करा" हा सल्ला ज्याला पगारी रजा आहे त्याला ठीक.

दिवाळीसाठी आधी ठरवायला हवं होतं. यंदा ठरवलंय, नवरात्रानंतर नवीन माप घ्यायचं नाही, आलेलं गिऱ्हाईक त्या शेजारच्या मुलीकडे पाठवायचं, ती आता स्वतः कटिंग शिकलीय.

सध्या एक नवीन गोष्ट आहे. महिनाभर डावा खांदा धरलाय, हात वर जात नाही, पाठीमागं हुकापर्यंत पोचत नाही. ताई म्हणाल्या, "त्याच आजाराचंच असंल." घरचेही तेच म्हणाले, आणि हेच मला नको वाटतं, कारण एकदा क्रॉनिक दुखण्याचा शिक्का बसला की प्रत्येक नवीन दुखणं त्याच खात्यावर टाकलं जातं. हा खांदा मी हलवून बघितला तर दुसऱ्यानं उचलला तरी अडतोय, हात बाहेरच्या बाजूला वळत नाही, आणि शुगर गेल्या वेळी बॉर्डरला होती. फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, शुगरवाल्यांत जास्त दिसतो. शुगरची तपासणी सोमवारी आहे, खांद्याचा एक्स-रे त्याच दिवशी, आणि तोपर्यंत इस्त्री मालकांकडे.